एका नावाच्या दोन रचना

धाराशिव जिल्ह्यात कळंब हे तालुक्याचे गाव आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही त्याच नावाचे तालुक्याचे गाव आहे. म्हणून पाकिटावर नुसते 'कळंब' लिहून भागत नाही, जिल्हा लिहावा लागतो. गीतांचेही तसेच. लग्नाच्या मिस्सेत 'आवे मारिया' गायचे ठरले, की गायकवृंद विचारणारच, शूबर्टचे की गुनोचे? जॅझच्या वाद्यरचनेला तर शब्दही नसतात; नाव हीच तिची ओळख.

माइल्स डेव्हिस या विख्यात ट्रम्पेटवादकाच्या नावावर 'माइलस्टोन्स' या एकाच शीर्षकाच्या दोन रचना आहेत. पहिली १४ ऑगस्ट १९४७ रोजी सॅव्हॉय कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. आपला देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा होता, तोच हा दिवस. एरवी आल्टो सॅक्सोफोन वाजविणाऱ्या चार्ली पार्करच्या हाती त्या दिवशी टेनर होता. दुसरी रचना १९५८ ची, कोलंबिया कंपनीची. दोहोंत शीर्षकाखेरीज साम्य नाही. पहिलीत कॉर्ड भराभर पालटतात. दुसरीत वादक एकाच स्वरसमूहात दीर्घकाळ रमतो, आपल्याला रागविस्ताराची आठवण व्हावी असा. गंमत म्हणजे १९५८ च्या तबकडीच्या पहिल्या आवृत्तीवर या रचनेचे नाव नुसते 'माइल्स' असे छापले होते. तेच टिकते तर घोळ झालाच नसता! आता वादक एकीला 'जुनी' व दुसरीला 'नवी' म्हणतात.

घोळ केवळ नावाचा असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. जुनी रचना डेव्हिसच्या नावे प्रसिद्ध झाली असली, तरी ती त्या दिवशीचा पियानोवादक जॉन लुईस याची, असे अनेक जाणकार मानतात. दोन्ही रचना एकच समजल्या, की लुईसचा मागमूस उरत नाही. म्हणूनच सूचिकार शीर्षकावर विसंबत नाहीत. ध्वनिमुद्रणाची तारीख, वादकांची नावे आणि कंपनीने दिलेला मॅट्रिक्स क्रमांक ते पाहतात. शार्ल दलोने या फ्रेंच अभ्यासकाने जॅझची अशी सूची १९३६ मध्येच प्रसिद्ध केली होती.

आपल्याकडे गोव्यातील पॅरिश शाळांत स्वरलेखन शिकलेले कितीतरी वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गीतांचे वाद्यमेळ रचले. तबकडीवर संगीतकार, गीतकार व गायक यांची नावे येत. वाद्यमेळ रचणाऱ्याचे सहसा नसे. दोन कडव्यांमधील त्या स्वरपंक्तींना शीर्षकही नव्हते. कोणती कोणाची, हे बहुधा सहवादकांच्या आठवणींवरूनच ठरवावे लागते.