घोड्यांचं धान्य आणि आपली न्याहारी



परदेशात राहणाऱ्या लेकी-सुना पानगळीच्या दिवसांत एक फोटो हमखास पाठवतात. काचेच्या चौकोनी भांड्यात ओट्स, दूध, सफरचंदाच्या नाहीतर नाशपातीच्या फोडी, वर दालचिनी, आणि ओव्हनमधून नुकतीच निघालेली वाफ. ‘बेक्ड ओटमील’ म्हणतात त्याला. थंडीतली न्याहारी. पाठोपाठ आपल्या बायकांचा प्रश्न येतो, की हे आपल्याला चालतं का? नुसतं हो किंवा नाही म्हणून मोकळं होता आलं असतं, पण एखादं धान्य आपल्या स्वयंपाकघरात कुठल्या वाटेनं आलं हे कळलं की त्याचं काय करायचं तेही नीट ठरवता येतं. म्हणून आज थोडा इतिहास.

ओट हे धान्य आपल्या सांगली-कोल्हापूरकडे नवं नाही. फक्त ते आपण गोठ्यात बघितलं आहे. ज्यांच्या घरी दुभती जनावरं आहेत त्यांना रब्बीतला ओटचा हिरवा चारा माहीत असेल. केंट, फुले हरिता या त्याच्या जाती. हिंदीत याला जई म्हणतात. पुष्कळ जणी जई आणि जव एकच समजतात, पण जव म्हणजे सातू, ते धान्य वेगळं. आता तोच गोठ्यातला ओट डब्यात भरून दुकानात महाग का मिळतो, असं सासूबाई विचारतील तर त्यांचं काही चुकत नाही. हाच प्रश्न युरोपात दोन हजार वर्षं विचारला गेला आहे.

ओट मुळात तण होतं. गहू आणि सातूच्या शेतात ते आपोआप उगवायचं. दक्षिणेकडच्या उबदार भागात गहू-सातू जोमानं यायचे, तिथे त्याला कोणी विचारलं नाही. शेती जशी उत्तरेकडच्या थंड, ओल्या मुलखात सरकली तसा गहू मागे पडला आणि तण पुढे गेलं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी ओटला धान्याचा बिघाड समजतो, आणि जर्मन लोक याचीच लापशी खातात हेही नोंदवतो. त्यात जरा नाक मुरडणं आहेच. पुढे 1755 मध्ये सॅम्युएल जॉन्सननं इंग्रजी शब्दकोश काढला, त्यातली ओटची व्याख्या फार गाजली. इंग्लंडात हे धान्य घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं त्यावर जगतात, असा तिचा आशय. स्कॉटलंडच्या लोकांना तो टोमणा आजही आठवतो.

पण स्कॉटलंडच्या बायकांनी या धान्याचं जे केलं ते बघण्यासारखं आहे. तिथला उन्हाळा आखूड आणि पाऊस बारमाही. गहू नीट पिकायचा नाही, ओट पिकायचा. सकाळी पाणी आणि मीठ घालून त्याची लापशी, आणि तव्यावर भाजलेल्या त्याच्याच जाड भाकऱ्या. आपल्या ज्वारीसारखंच की. सेंट अँड्र्यूज, एडिंबरा इथल्या विद्यापीठांत ‘मील मंडे’ नावाची सुट्टी असायची. मुलांनी घरी जावं आणि पुढच्या दिवसांसाठी ओटच्या पिठाची पिशवी घेऊन यावं, एवढ्यासाठी. आपल्याकडे वसतिगृहातली पोरं सुट्टीवरून परतताना भडंग-शेंगदाण्याच्या चटणीचे डबे आणतात, तसंच.

आता एक गोष्ट आपल्या कामाची. ओटमध्ये स्निग्धांश जास्त असतो. गव्हात तो साधारण 2 टक्के, ओटमध्ये 6-7 टक्के. शिवाय त्याच्या दाण्यातच असा एक घटक असतो की दाणा फुटला, पीठ झालं, की तो त्या तेलावर काम करायला लागतो आणि पीठ कडवट, खवट होतं. स्कॉटलंडच्या लोकांना यामागचं रसायन माहीत नव्हतं, पण अनुभव होता. दळण्याआधी ते ओट भट्टीवर वाळवून भाजून घ्यायचे. उष्णतेनं तो घटक निकामी होतो आणि पीठ टिकतं.

हे वाचताना मला आपली पिठाची मर्यादा आठवली. आमच्या दिगंबर घरांत हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस, असं लहानपणापासून ऐकलेलं. पीठ झालं की त्यात जीवोत्पत्तीचा काळ सुरू होतो, ही त्यामागची दृष्टी. तिकडच्या बाईला पीठ कडू होण्याची काळजी होती, आपल्या आजीला जीवाची. दोघींचं लक्ष मात्र एकाच गोष्टीवर होतं. दाणा अखंड आहे तोवर एक हिशोब, आणि तो मोडला की दुसरा.

अमेरिकेत ओट खरा बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथेही तो घोड्यांचाच. माणसांसाठी हवा तर औषधांच्या दुकानात, आजाऱ्यांच्या लापशीसाठी, बाहेरून आणलेला मिळायचा. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात फर्डिनांड शुमाकर नावाचा जर्मन दुकानदार होता. त्याला आपल्या मुलखातली ओटची लापशी आठवायची. 1856 मध्ये त्यानं ओटची गिरणी काढली. पहिली गिऱ्हाइकं म्हणजे त्याच्यासारखेच बाहेरून आलेले जर्मन, स्कॉटिश आणि आयरिश लोक. पुढे यादवी युद्धात सैन्याच्या मोठ्या मागण्या आल्या आणि गिरणी वाढली. माणूस दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता, एवढं आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते. 1886 मध्ये त्याची मोठी गिरणी आगीत जळाली आणि तिचा विमाच नव्हता. त्या तडाख्यानं तो इतरांशी हातमिळवणी करायला तयार झाला.

त्या इतरांत हेन्री क्रॉवेल होता. रॅव्हेना गावातली ‘क्वेकर’ नावाची गिरणी त्यानं 1881 मध्ये विकत घेतली होती. या नावाची नोंदणी 1877 ची. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला एक शांततावादी पंथ, साधेपणासाठी आणि चोख व्यवहारासाठी प्रसिद्ध. कंपनीचा त्या पंथाशी काहीएक संबंध नव्हता; नाव आणि चित्र घेतलं ते निव्वळ विश्वास बसावा म्हणून. कोणाच्या धर्माची पुण्याई दुसऱ्याच्या डब्यावर छापायची, हे मला तरी पटत नाही. आपल्याकडे ‘जैन’ शब्द छापलेली चिप्सची पाकिटं बघते तेव्हाही असंच वाटतं.

पण क्रॉवेलनं एक काम चांगलं केलं. तोवर ओट किराणा दुकानात उघड्या पिंपात असायचा. धूळ, किडे, उंदीर, सगळ्यांना मोकळं. त्यानं तो बंद खोक्यात भरून विकला. त्याच सुमाराला दाणा वाफवून रुळांमधून चपटा काढायची रीत रुळली, आणि अर्ध्या-पाऊण तासाची लापशी काही मिनिटांत व्हायला लागली. आपण ज्याला ओट्स म्हणतो ते हेच, वाफवून दाबलेले पोहे. 1888 मध्ये गिरण्या एकत्र आल्या, 1901 मध्ये क्वेकर ओट्स कंपनी झाली. पाककृती खोक्यावरच छापायची युक्तीही त्यांचीच. आईकडून लेकीकडे जाणारी कृती खोक्यावरून जायला लागली ती तेव्हापासून.

आता ओव्हनमधल्या पदार्थाकडे. त्याचं नाव अ‍ॅमिश लोकांशी जोडलेलं आहे. 1693 मध्ये याकोब आमान याच्या मागे जाऊन हे लोक मेनोनाइट पंथातून वेगळे झाले. शस्त्र न धरणं, मोठेपणी समजून-उमजून दीक्षा घेणं, साधे कपडे. स्वित्झर्लंड आणि ऱ्हाइन नदीकाठी त्यांचा छळ झाला. विल्यम पेन या क्वेकर गृहस्थाला 1681 मध्ये मिळालेल्या पेन्सिल्वेनियात सगळ्या पंथांना मोकळीक होती, म्हणून अठराव्या शतकात ते तिथे आले. लँकेस्टर भागात त्यांच्या घोडागाड्या अजून रस्त्यावर दिसतात. लढाईला जायचं नाही म्हणून त्यांनी फार सोसलं. ताटात मात्र मांस असतं. त्यांची अहिंसा माणसापर्यंत येऊन थांबते, आणि आपल्याला ती तिथून पुढे न्यायची असते. तरी सोसण्याचं मोल कमी होत नाही.

शरद ऋतूत त्या भागात सफरचंदाचं काम निघतं. फोडी करून वाळवायच्या, मोठ्या तांब्याच्या हंड्यात तासन् तास ढवळून सफरचंदाचा घट्ट काळपट मुरांबा आटवायचा. मोठी कुटुंबं, पहाटेची शेतीची कामं. तिथे प्रत्येकाची लापशी चुलीवर ढवळत बसण्यापेक्षा एकच मोठं भांडं ओव्हनमध्ये सरकवून बाईनं दुसऱ्या कामाला लागणं सोयीचं. या पदार्थाचं मर्म मला तरी एवढंच दिसतं. ढवळायला माणूस लागत नाही.

सफरचंदाची तर आपल्याकडे येण्याची गोष्टच मजेची. त्याच पेन्सिल्वेनियातल्या फिलाडेल्फियात 1882 मध्ये एका खऱ्या क्वेकर घराण्यात सॅम्युएल स्टोक्सचा जन्म झाला. 1904 मध्ये तो कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी हिंदुस्थानात आला आणि सिमल्याजवळ कोटगढला राहिला. 1916 च्या सुमारास अमेरिकेतून डेलिशस जातीची सफरचंदाची रोपं आणून त्यानं तिथे लावली. हिमाचलच्या आजच्या बागांची ही सुरुवात. 1921 मध्ये स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेला, आणि 1932 मध्ये सत्यानंद झाला. दिवाळीच्या सुमारास आपल्या बाजारात सिमल्याचं सफरचंद येतं त्याच्या मागे हा माणूस आहे. खोक्यावरच्या चित्रातल्या क्वेकरपेक्षा मला हा जास्त जवळचा वाटतो.

तर, चालतं का? मूळ कृतीत तीन अडचणी आहेत. पहिली अंडं. त्यावर बोलायचं कारण नाही. दुसरी मध, आणि तिसरी पानगळीचं फळ म्हणून घातलेलं अंजीर. मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळं यांचा त्याग म्हणजे श्रावकाचे आठ मूलगुण, हे पाठशाळेत पाठ केलेलं आठवत असेल. (समंतभद्रांच्या रत्नकरंडात उदुंबरांच्या जागी पाच अणुव्रतं आहेत, पण मधाला तिथेही माफी नाही.) म्हणजे मध आणि अंजीर अगदी पहिल्याच पायरीवर गळतात. व्हॅनिलाचा अर्क बहुतेक वेळा मद्यार्कात काढलेला असतो, तोही बाजूला.

चौथी अडचण कृतीत लिहिलेली नसते. रात्रभर भिजवून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी भाजा, असं सर्रास सांगतात. ओलं शिळं आपल्याला नको. पण भिजवण्याची गरज अख्ख्या किंवा कापलेल्या दाण्याला असते. चपटे ओट्स कारखान्यातच वाफवलेले असतात, त्यांना भिजवायचं कामच नाही.

माझी खरी ओढाताण वेळेची झाली. लेक लँकेस्टरजवळ राहते. मी गेले होते तेव्हा ऑक्टोबरचा शेवट होता. तिथे त्या दिवसांत सूर्य साडेसातला उगवतो आणि नातीची शाळेची बस सात वाजून दहा मिनिटांनी. बाहेर काळोख, हाडं गोठवणारी थंडी, आणि नऊ वर्षांची पोर उपाशी पोटी कशी पाठवायची? लेक आदल्या दिवशी सूर्यास्ताआधी हे भाजून ठेवायची आणि एक तुकडा डब्यात द्यायची. नात तो शाळेत पोचल्यावर, दिवस उगवल्यावर खायची. काळोखात काही खायचं नाही हे तिनं स्वतःहून धरलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं. आता आदल्या दिवशीचा दुधातला पदार्थ मर्यादेत बसत नाही, मी तो घेतला नाही. पण नातीचा डबा मी स्वतःच्या हातानं भरला. कडक नियम पाळणाऱ्या माझ्या एका नणंदेला हे आवडलं नाही. तिचंही खरं आहे. रात्रीचं न खाणं आणि शिळं न खाणं या दोन्हींतलं एकच सांभाळता येत असेल तर लहान मुलानं आधी कुठलं धरावं, यावर आमचं अजून बोलणं चालू आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळ तासभर मागे घेतात. सूर्य आहे तिथेच, पण बस त्याच्या मानानं तासभर उशिरा येते. मग थोडे दिवस ताजं करून खाऊ घालता आलं, तेही घाईघाईतच.

आता माझी कृती, सूर्योदयानंतर करायची. 2 वाट्या चपटे ओट्स ताटात पसरून उजेडात निवडून घ्या. बंद पाकिटाचे असले तरी. पाकीट लहान आणा. ज्या घरी शोधाचं पाळतात तिथे बाजारचे ओट्स चालणार नाहीत, तिथे ज्वारीचे ताजे पोहे घेऊन बघा. 2 चमचे जवस भाजून कुटून 6 चमचे गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, ते चिकट होतं आणि अंड्याचं काम करतं. त्यात 2 वाट्या तापवलेलं दूध, अर्धी वाटी साखर, 3 चमचे पातळ तूप, चिमूटभर मीठ, 1 छोटा चमचा बेकिंग पावडर, दालचिनी आणि वेलदोड्याची पूड. गूळ घालू नका, दूध फाटतं. 1 सफरचंद आणि 1 नाशपाती चिरून, आतून नीट बघून, साल ठेवूनच घाला. तूप लावलेल्या भांड्यात ओतून 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. कडा सुटल्या आणि मधे बोट लावल्यावर ओलं लागलं नाही की झालं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, खाली तवा ठेवून, झाकण घालून मंद आचेवर होतं, फक्त वरचा खरपूसपणा येत नाही. तुकडे पाडायच्या आधी दहा मिनिटं थांबा, आणि वरून ताजं तूप घ्या.