प्रश्नाची मांडणी आणि परभणीची भेंडी

एखादा प्रश्न दीर्घकाळ सुटत नाही, तेव्हा उत्तर शोधणाराचे बुद्धिबल अपुरे पडले असे सहसा मानले जाते. वस्तुतः पुष्कळदा उणीव असते ती प्रश्नाच्या मांडणीत. भेंडीवरील केवडा रोगाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मुंबई इलाख्यातील या रोगाची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ साली केली. प्रथम पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पुढे फळेही पिवळी निघतात, आणि लागण लवकर झाल्यास शेतकऱ्याच्या हाती विकण्याजोगा माल फारसा येत नाही. रोग विषाणुजन्य असल्याचे उप्पल, वर्मा व कपूर यांनी १९४० मध्ये दाखविले. पांढरी माशी त्याचा प्रसार करते, हेही पुढे सिद्ध झाले. रोगट झाडावर औषध नसल्याने माशी कशी मारावी, एवढाच प्रश्न उरला. परंतु मारलेल्या माशीची जागा शेजारच्या शेतातून आलेली दुसरी माशी घेई.

रोगास दाद न देणारी भेंडी कोणती, असा प्रश्न पैदासकारांनी केला. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी सिद्ध केलेला 'पुसा सावनी' हा वाण त्याचेच फळ होय. कालांतराने तोही रोगास बळी पडू लागला. काही रानटी जातींत प्रतिकारशक्ती असल्याचे नरियानी व सेठ यांनी १९५८ मध्ये दाखविले होते. तथापि अशा संकराची संतती बहुतांशी वांझ निघे.

१९७२ साली परभणीस स्थापन झालेल्या मराठवाडा कृषि विद्यापीठात जांभळे व नेरकर यांनी नेमका हा अडसरच अभ्यासाचा विषय केला. प्रतिकारशक्ती कोठे आहे हे ठाऊक होते. ती फळत्या भेंडीत आणावी कशी, हा खरा प्रश्न होता. ती एका प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे त्यांनी १९८१ मध्ये मांडले. त्यामुळे 'पुसा सावनी'शी पुनःपुन्हा संकर करताना प्रत्येक पिढीत निरोगी झाडे निवडता आली, आणि वांझपणाही ओसरत गेला. १९८६ मध्ये त्यांनी वर्णिलेला 'परभणी क्रांती' हा वाण असा निपजला.

पुढे अनेक भागांत या वाणावरही केवडा दिसू लागला. विषाणू स्वतः बदलतो, ही बाब 'एक रोग, एक जनुक' या मांडणीत बसत नव्हती. म्हणून आता पैदासकारांना केवळ रोगमुक्त वाण शोधून भागत नाही; बदलत्या विषाणूपुढे तो किती काळ टिकेल, हेही विचारावे लागते.