सही नसलेली पानं

गझल लिहिणारा शेवटच्या शेरात आपलं नाव गुंफतो. त्या शेराला मक्ता म्हणतात. आपल्याकडे अभंगातही नाममुद्रा असते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी चारशे वर्षांपूर्वी मराठीत अभंग रचले, तेही नावासकट. वही फाटली, पानं उडाली, तरी नाव ओळीतच विणलेलं असल्यानं कर्ता हरवत नाही. आज ज्या चित्रकाराविषयी बोलायचं आहे, त्याला ही सोय नव्हती.

त्याचं नाव लिओ बॅक्सेंडेल. जन्म १९३०चा, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातला. हवाई दलातली सक्तीची सेवा झाली, मग रंगाच्या डब्यांवरची लेबलं काढून झाली, मग स्थानिक सायंदैनिकात चित्रं. १९५२ साली त्यानं डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेसाठी काम सुरू केलं. ही संस्था स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातली. आपल्या बंगालचा ताग ज्या गिरण्यांत विणला जाई, तेच हे डंडी. ताग, जॅम आणि छापखाने यांवर ते शहर जगलं.

थॉमसनचं 'बीनो' हे मुलांचं विनोदी साप्ताहिक १९३८पासून निघत होतं. १९५०च्या सुमारास त्याचा खप आठवड्याला २० लाखांच्या घरात पोचला होता. १९५१ साली डेव्हिड लॉ यांचा व्रात्य 'डेनिस द मेनस' तिथे अवतरला. तो पाहून बॅक्सेंडेलला आपली वाट दिसली. १९५३ साली त्यानं 'लिटल प्लम' आणि 'मिनी द मिंक्स' आणले. लिटल प्लम हा मूळ अमेरिकन जमातीतला पोरगा. त्याचं ते चित्रण आज खटकतं, आणि खटकायलाच हवं. मिनी मात्र अजून ताजी वाटते. मुलीनं शहाण्यासारखं बाहुली घेऊन बसावं, ही अपेक्षा तिनं पार धुळीला मिळवली.

पण त्याचं खरं काम म्हणजे शाळेतली पोरं. १९५४मध्ये 'व्हेन द बेल रिंग्ज' या नावानं ती आली आणि १९५६मध्ये 'बॅश स्ट्रीट किड्स' झाली. सुरुवातीच्या पानांवर एकच भलंमोठं चित्र असे. घंटा झाली की पोरांचा लोंढा बाहेर पडणार, आणि त्या लोंढ्यातलं प्रत्येक पोर काहीतरी वेगळाच उद्योग करत असणार. एक कोणाला पाडतोय, दुसरा भिंतीवर चढलाय, कोपऱ्यात तिसऱ्याचं भलतंच चाललंय. एक पान पाहायला मुलाला अर्धा तास लागावा, इतका माल त्यात ठासलेला. मला तर ती जत्राच वाटते. युद्धानंतरचा तो काळ होता. ब्रिटनमधलं अन्नाचं रेशनिंग १९५४मध्ये संपलं. शिस्तीत वाढलेल्या मुलांना ही बेशिस्त किती गोड लागली असेल!

या पानांवर चित्रकाराचं नाव छापत नसत. सही करायची नाही, असा संस्थेचा रिवाज. पानाचे पैसे मिळाले की संपलं, पात्रं संस्थेची. मिनी लाखो घरांत पोचली, तिचा बाप मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

कामाचा रेटाही प्रचंड होता. १९५६मध्ये 'बीझर' निघालं, त्यातही 'बनाना बंच' यानंच काढायचं. १९६२ साली थकलेल्या बॅक्सेंडेलनं थॉमसनचं काम सोडलं. १९६४मध्ये लंडनच्या ओडम्ससाठी त्यानं 'वॅम!' उभं केलं. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात एक पत्रकही तो काढत असे. पोरांचा दंगा रंगवणारा हात मोठ्यांच्या दंग्यावर गप्प बसला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. १९७५च्या सुमारास त्यानं साप्ताहिकांचा रामराम घेतला आणि 'विली द किड'ची पुस्तकं काढली, स्वतःच्या नावानं.

मग त्यानं थॉमसनवर दावा लावला. आपण जन्माला घातलेल्या पात्रांवर आपला हक्क आहे, एवढंच त्याचं म्हणणं. एकीकडे बडी संस्था, दुसरीकडे घरी बसून चित्रं काढणारा एकटा माणूस. सात वर्षं हे चाललं आणि १९८७ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली. निकाल लागलाच नाही, त्यामुळे इतर चित्रकारांना पुढे करता येईल असा दाखला त्यातून निघाला नाही. याची मला हळहळ वाटते. पण तो हरलाही नाही. पुढे त्यानं स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था काढली आणि 'गार्डियन'मध्ये 'बेबी बेझिल' रंगवला.

२०१७च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, तो गेला. बॅश स्ट्रीटची पोरं १९६२मध्येच डेव्हिड सदरलँड यांच्याकडे गेली होती. २०२३च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं, तोवर सुमारे ६० वर्षं त्यांनी ती सांभाळली. बॅक्सेंडेलनं ती काढली जेमतेम आठ वर्षं.