एफएफएमपेग

दृश्य व ध्वनी यांच्या अंकीय फाइली वाचणे, त्यांचे स्वरूप बदलणे, त्या कापणे-जोडणे आणि इंटरनेटवरून प्रसारित करणे यांसाठी वापरली जाणारी मुक्त सॉफ्टवेअर-प्रणाली. फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये ‘जेरार लांतो’ या टोपणनावाने तिची सुरुवात केली. नावातील पहिली दोन अक्षरे ‘फास्ट फॉरवर्ड’ची आहेत. २००४ ते २०१५ या काळात मिखाएल नीडरमायर यांनी प्रकल्पाचे नेतृत्व केले. प्रणाली मुख्यतः सी भाषेत लिहिलेली असून गणिताचा सर्वाधिक भार पडणारे भाग असेंब्लीत हाताने लिहिले आहेत. तिला खिडक्या-बटणे नाहीत. सारे काम आज्ञेच्या ओळीवर किंवा इतर सॉफ्टवेअरच्या आत चालते, त्यामुळे ती रोज वापरणाऱ्या बहुतेकांना तिचे नावही ठाऊक नसते. व्हीएलसी प्लेअर, क्रोम ब्राउझर, हँडब्रेक आणि थेट प्रक्षेपणासाठीचे ओबीएस स्टुडिओ हे सर्व तिच्या लायब्रऱ्यांवर उभे आहेत.

रचना : लिबएव्हीकोडेक (संकोचन व उकल), लिबएव्हीफॉरमॅट (कंटेनर) आणि लिबएव्हीफिल्टर (प्रक्रिया) या मुख्य लायब्रऱ्या. एफएफएमपेग, एफएफप्रोब व एफएफप्ले ही सोबतची साधने अनुक्रमे रूपांतर, तपासणी व चाचणीसाठी आहेत. एफएफसर्व्हर हे चौथे साधन २०१८ मध्ये काढून टाकले.

कंटेनर आणि कोडेक यांची गल्लत नेहमी होते. एमपी४ किंवा एमकेव्ही ही केवळ वेष्टने असून आतील चित्र एच.२६४, एचईव्हीसी किंवा एव्ही१ यांपैकी कशातही असू शकते. नुसते वेष्टन बदलायचे असेल तर ‘कॉपी’ पर्याय पुरतो. त्यात चित्राला हात लागत नाही, दर्जा जसाच्या तसा राहतो आणि तासाभराची फाइलही अल्पावधीत तयार होते. या पद्धतीने क्लिप कापताना मात्र चित्राचा काप की-फ्रेमवरच, म्हणजे स्वतंत्रपणे उलगडता येणाऱ्या पूर्ण फ्रेमवरच पडतो. हव्या त्या फ्रेमवर कापायचे तर पुन्हा एन्कोड करण्यावाचून गत्यंतर नाही.

संकोचन : १९२० × १०८० बिंदूंची एक फ्रेम नेहमीच्या ८ बिट, ४:२:० मांडणीत सुमारे ३१ लाख बाइट जागा घेते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास हा प्रवाह सुमारे ६२२ मेगाबिट होतो. प्रेक्षकाकडे तो ५ मेगाबिटांच्या आसपास पोहोचवायचा असतो, म्हणजे सव्वाशेपट घट. यातील एक पाया डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हा असून, नसीर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी तो १९७४ च्या निबंधात मांडला. एफएफएमपेगच्या २०२१ मधील ४.४ या आवृत्तीचे नाव ‘राव’ आहे.

एच.२६४ साठी बहुधा व्हिडिओलॅनचा एक्स२६४ एन्कोडर जोडला जातो. त्यातील सीआरएफ हा आकडा दर्जा ठरवतो. ८ बिट चित्रासाठी त्याची व्याप्ती ० ते ५१, मूळ नेमणूक २३. आकडा ६ ने वाढवल्यास बिटरेट ढोबळमानाने निम्म्यावर येतो. वेगाचे दहा प्रीसेट ‘अल्ट्राफास्ट’पासून सुरू होतात. शेवटच्या प्रीसेटचे नाव ‘प्लासिबो’ असून ते थट्टेने दिलेले असले तरी सार्थ आहे : वेळ बेसुमार जातो, फरक डोळ्याला दिसत नाही.

प्रसारण : अॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस आणि २०१२ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेली डॅश या प्रमुख पद्धती. दोन्हींत व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागून अनेक बिटरेटमध्ये ठेवतात. जोडणी मंदावली की प्लेअर पुढचा तुकडा खालच्या दर्जाचा मागतो. हा बदल विनाअडथळा व्हावा म्हणून सर्व दर्जांतील की-फ्रेम एकाच क्षणी पडाव्या लागतात. अॅपलने ६ सेकंदांचे तुकडे सुचवले आहेत. सेकंदाला २५ फ्रेम असताना की-फ्रेमचे अंतर ५० ठेवले, की दर २ सेकंदांनी की-फ्रेम येते आणि हिशेब जुळतो. दृश्य बदलताच आपोआप की-फ्रेम टाकण्याची सोय अशा वेळी बंद करतात. सलग एमपी४ फाइल देताना तिची अनुक्रमणिका शेवटी राहते. ‘फास्टस्टार्ट’ पर्यायाने ती पुढे आणली नाही तर पहिले चित्र दिसायला उशीर होऊ शकतो. फ्लॅश २०२० अखेर बंद पडले, तरी त्याच्यासोबत आलेला आरटीएमपी हा प्रोटोकॉल स्टुडिओकडून सर्व्हरकडे प्रवाह पाठवण्यासाठी आजही वापरात आहे.

देवनागरी मजकूर : चित्रावर अक्षरे उमटवणारा ‘ड्रॉटेक्स्ट’ फिल्टर दीर्घकाळ प्रत्येक वर्ण सुटा मांडत असे. त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून छापली जात. २०२३ मधील ६.१ आवृत्तीपासून या फिल्टरला हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी जोडली गेली आणि हा दोष दूर झाला. तोवर मराठी शीर्षके लिबअॅस या उपशीर्षकांच्या लायब्ररीवर चालणाऱ्या ‘सबटायटल्स’ फिल्टरमधून देणे हा खात्रीचा मार्ग होता. फॉन्ट देवनागरीचा नसेल तर ‘ड्रॉटेक्स्ट’मध्ये रिकामे चौकोनच उमटतात. २०२५ च्या ८.० आवृत्तीत बोलण्याचे लेखन करणारा व्हिस्पर फिल्टर आला. व्हिस्परच्या भाषांत मराठी आहे. छोट्या मॉडेलांचे मराठी लेखन मात्र बरेच दुरुस्त करावे लागते.

फाटाफूट : नेतृत्व व कामाची पद्धत यांवरून २०११ मध्ये काही विकासक बाहेर पडले व त्यांनी लिबएव्ही हा प्रकल्प काढला. डेबियन व उबंटू काही वर्षे त्याच्यासोबत गेले. २०१५ मध्ये दोन्ही एफएफएमपेगकडे परतले. त्याच वर्षी नीडरमायर नेतृत्वावरून दूर झाले. दोन्ही बाजूंची कैफियत परस्परविरोधी आहे.

परवाना व पेटंट : मूळ परवाना एलजीपीएल, एक्स२६४सारखे भाग जोडल्यास जीपीएल लागू होतो. कोडेकवरील पेटंटचा प्रश्न परवान्यापासून वेगळा असून व्यापारी वितरकाने आपापल्या देशातील कायदा स्वतंत्रपणे तपासावा.