नाव, वस्तू आणि वारसा : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील उत्तरकृतींचा वाद

एखादी वस्तू लोकप्रिय व्हावी, काही वर्षांनी तिचे उत्पादन थांबावे आणि पुढे त्याच नावाने दुसरी वस्तू बाजारात यावी, असे घडले म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. ही दुसरी वस्तू पहिलीची वारस मानावी काय? आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? ज्या कंपनीकडे त्या नावाची कायदेशीर मालकी आहे तिचा, की ज्यांनी ती वस्तू वर्षानुवर्षे वापरली त्यांचा? व्हिडिओ गेमच्या जगात हा वाद नित्याचा आहे. खेळाचा पुढील भाग निघाला की जुने खेळाडू त्याची मूळ खेळाशी तुलना करतात, आणि तुलनेत तो उणा ठरला की कंपनीला जाब विचारतात. परंतु हा वाद केवळ संगणकाच्या पडद्यावरच जन्मास आला, अशी समजूत करून घेणे चुकीचे होईल. पुण्याच्या वायव्येस पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात तो यापूर्वीच, आणि अधिक ठळक रूपाने, होऊन गेला आहे. त्याचा क्रम लावून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. मागील कृतीचे नाव किंवा घडण पुढे चालविणाऱ्या कोणत्याही कृतीस, मग ती यंत्र असो वा खेळ, येथे ‘उत्तरकृती’ असे म्हटले आहे.

या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास फार जुना नाही. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली अस्तित्वात आले आणि त्यानंतरच्या दशकात भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांचे रूप पालटले. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. चाकणचा विस्तार हा त्यानंतरचा, मुख्यतः उदारीकरणोत्तर काळातला. थोडक्यात, तीन-चार खेड्यांचे शहर होण्यास दोन पिढ्यांहून अधिक काळ लागला नाही. या दोन पिढ्यांच्या स्मृतीत राजांची वा लढायांची नावे कमी आणि वाहनांची नावे अधिक आहेत, हे येथील सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे.

या नावांपैकी सर्वांत जुने आणि सर्वांत वादग्रस्त नाव ‘चेतक’ हे होय. त्याचा आरंभ मात्र एका परक्या नावापासून होतो. बजाज कंपनीने इटलीच्या पिआजिओ कंपनीशी करार करून १९६०च्या दशकात ‘व्हेस्पा’ स्कूटर भारतात बनविली. १९७१ साली या कराराची मुदत संपली आणि तत्कालीन सरकारी धोरणामुळे त्याचे नूतनीकरण झाले नाही. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, कंपनीने आपली स्कूटर ‘चेतक’ या नावाने विक्रीस आणली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे ते नाव. घडणीत मात्र ती ‘व्हेस्पा स्प्रिंट’चीच कन्या होती. तोच पत्र्याचा सलग सांगाडा, तेच एका बाजूस बसविलेले इंजिन, तीच डाव्या मुठीने बदलावयाची गिअरची पद्धत. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी परदेशी बाजारपेठांत पिआजिओने याच साम्यावरून बजाजविरुद्ध दावे केले. म्हणजे पहिल्या प्रकारात वस्तू तीच राहिली आणि नाव बदलले. भारतीय ग्राहकाने या बदलाला हरकत घेतली नाही. इतकेच नव्हे, तर काही वर्षांतच मूळ नावापेक्षा नवे नावच त्याला अस्सल वाटू लागले. पुढे कानपूरच्या एलएमएल कंपनीने पिआजिओच्या सहकार्याने पुन्हा ‘व्हेस्पा’ हे नाव आणले. तेव्हा कायद्याने खरी वारस असलेली स्कूटर घरोघरी नवखी समजली गेली आणि करार संपलेल्या कंपनीची स्कूटर मात्र घरची!

असे का व्हावे? याचे उत्तर परवाना-पद्धतीत सापडते. उत्पादनाची मर्यादा सरकार ठरवीत असे आणि मागणी पुरवठ्याच्या कित्येक पट होती. त्यामुळे चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. मुलीच्या लग्नाचा विचार मनात आला की वडील स्कूटरची नोंदणी करून ठेवीत, हे त्या काळी अतिशयोक्तीचे वाटत नसे. जी वस्तू मिळावयास इतका काळ लागतो ती केवळ खरेदी राहत नाही. प्रतीक्षेमुळे तिच्यावर एक प्रकारचा हक्क निर्माण होतो. १९८९च्या सुमारास ‘हमारा बजाज’ ही जाहिरात-मोहीम निघाली, तेव्हा तिने हा हक्क निर्माण केला नाही. आधीच असलेल्या भावनेला शब्द दिला. मात्र ग्राहकाला ‘ही तुमची आहे’ असे एकदा सांगितल्यावर पुढे ती बंद करताना त्याचे मत विचारावयाचे की नाही, हा पेच कंपनीने त्याच क्षणी स्वतःवर ओढवून घेतला, असे आज मागे वळून पाहता म्हणावेसे वाटते.

तो पेच पुढे प्रत्यक्षात आला. मोटारसायकलींची मागणी वाढली, २००१ साली होंडाची गिअरविरहित ‘अ‍ॅक्टिव्हा’ आली आणि पहिल्या दशकाच्या मध्यास चेतकचे उत्पादन थांबले. २००७ साली आकुर्डीच्या कारखान्यातील वाहननिर्मिती बंद करण्यात आली. २००९च्या अखेरीस कंपनीने स्कूटरच्या व्यवसायातूनच बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. हा निर्णय राजीव बजाज यांचा होता आणि त्यांचे वडील राहुल बजाज यांनी त्याविषयी आपली नाराजी उघडपणे बोलून दाखविली. हा प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. चाहते ज्या ‘कंपनी’शी वाद घालतात ती एकमुखी असते असे आपण गृहीत धरतो. येथे तर तोच वाद कंपनीच्या आत, एकाच घरातील दोन पिढ्यांत चालला होता. एकाची बाजू बाजाराची होती, दुसऱ्याची स्मृतीची. आणि दोन्ही बाजूंना आपापले तर्कशास्त्र होते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक हे नाव परत आले, पण विजेवर चालणाऱ्या स्कूटरला. जानेवारी २०२० मध्ये पुणे व बंगळूर येथे तिची विक्री सुरू झाली. प्रथम ती चाकणला बनत होती. जून २०२२ मध्ये, राहुल बजाज यांच्या निधनानंतर चार महिन्यांनी आणि त्यांच्या जयंतीच्या दिवशी, आकुर्डी येथे तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. जुन्या चेतकच्या अभिमान्यांचा आक्षेप असा की हिला ना किक, ना गिअर, ना मागची स्टेपनी. सकाळी स्कूटर एका अंगावर तिरपी करून मग किक मारण्याचा तो विधीच जेथे नाही, तेथे चेतक कसली? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की पत्र्याची अंगलट, पुढच्या चाकाची एका बाजूने धरलेली बांधणी आणि आकुर्डी हे ठिकाण या तिन्ही गोष्टी तिने राखल्या आहेत. पहिला पक्ष वापराच्या सवयीत सातत्य शोधतो, दुसरा घडणीत आणि स्थळात. दोघेही सातत्याविषयीच बोलत आहेत, परंतु त्यांची मापे भिन्न आहेत. म्हणून हा वाद संपत नाही.

नाव तेच आणि वस्तू नवी, या दुसऱ्या प्रकाराचे अधिक स्पष्ट उदाहरण टाटांच्या ‘सफारी’चे आहे. १९९८ साली पिंपरीच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी शिडीच्या आकाराच्या स्वतंत्र चौकटीवर उभी होती आणि चारही चाकांना शक्ती देण्याची सोय तिच्यात होती. २०१२ साली तिची ‘स्टॉर्म’ ही आवृत्ती आली. २०१९ मध्ये तीही थांबली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने ‘ग्रॅव्हिटास’ नावाची, तीन रांगांच्या आसनांची नवी गाडी प्रदर्शनात मांडली. ती मूलतः ‘हॅरिअर’चे वाढविलेले रूप होती. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले की हीच गाडी ‘सफारी’ म्हणून विकली जाईल. येथे आक्षेपाला धार आली, कारण नाव वस्तूच्या पोटातून आले नव्हते. वस्तू तयार झाल्यावर ते तिच्यावर ठेवण्यात आले होते. नवी सफारी एकसंध सांगाड्याची होती आणि केवळ पुढच्या चाकांवर चालत होती. तिची मांडणी लँड रोव्हरच्या आराखड्यापासून विकसित केलेली होती, म्हणून अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती उणी होती असे कोणी म्हणू शकत नाही. तक्रार गुणवत्तेची नव्हतीच. ज्या वचनावर ते नाव उभे होते ते वचन, म्हणजे रस्ता संपल्यावरही पुढे जाण्याची क्षमता, नव्या गाडीने दिले नव्हते.

या पार्श्वभूमीवर महिंद्र कंपनीचा मार्ग लक्षणीय ठरतो. २००२ साली आलेली ‘स्कॉर्पिओ’ नाशिकची. तिची नवी पिढी ‘स्कॉर्पिओ-एन’ या नावाने जून २०२२ मध्ये आली आणि ती चाकणला बनू लागली. जुनी गाडी मात्र बंद न करता, थोडे फेरफार करून, ‘क्लासिक’ या उपनावाने विक्रीत ठेवण्यात आली. पूर्वज आणि वारस एकाच दुकानात शेजारी उभे राहिले. चाहत्यांच्या वादाचा निकाल कंपनीने दिला नाही. तो ग्राहकाच्या खिशावर सोपविला. व्यापारी दृष्टीने हे चातुर्य खरेच. परंतु त्यात एक कबुलीही आहे, की केवळ नाव हस्तांतरित केल्याने निष्ठा हस्तांतरित होत नाही.

आता खेळांकडे वळू. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ आपल्याकडे घेतला. बरीच वर्षे तेथील काम मुख्यतः इतरत्र आखलेल्या खेळांना साहाय्य करण्याचे होते. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या खेळाची नवी घडण पुणे व मुंबई येथील स्टुडिओ करीत आहेत. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली निर्माण केलेल्या खेळाच्या परंपरेतील हा खेळ २००३ साली माँट्रियलच्या स्टुडिओने बनविला होता आणि एका पिढीच्या मनात त्याने घर केले होते. एवढ्या नावाजलेल्या खेळाचे नेतृत्व भारतीय स्टुडिओंकडे येण्याचा हा पहिलाच प्रसंग. परंतु पहिली चित्रफीत दिसताच चेहऱ्यांची ठेवण व प्रकाशयोजना जुनाट असल्याची टीका जगभरातून झाली. जानेवारी २०२१ची प्रकाशन-तिथी मार्चवर गेली. फेब्रुवारीत ती अनिश्चित झाली. मे २०२२ मध्ये हे काम पुन्हा माँट्रियलकडे देण्यात आले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्पच रद्द केला.

हा आपला चौथा प्रकार : नाव तेच, कथा तीच, हात नवे. खेळाडूंची टीका निराधार होती असे म्हणता येणार नाही. जे त्यांना दाखविले गेले त्यावरच ते बोलत होते. परंतु येथे एक भेद नोंदविला पाहिजे. चेतकच्या वेळी आकुर्डीला परक्या आराखड्यावर आपले नाव घालण्यापूर्वी दहा वर्षे ती वस्तू बनविण्याचा सराव मिळाला होता, आणि तिच्या आरंभीच्या उणिवा झाकावयास बंद बाजारपेठ होती. पुण्याच्या स्टुडिओला पहिल्याच स्वतंत्र परीक्षेत साऱ्या जगाच्या स्मृतीशी तुलनेस उभे राहावे लागले. संरक्षित बाजारपेठेने ग्राहकावर अन्याय केला, हे खरे. पण तिने कारागिराला चुका करण्यास अवसर दिला, हेही तितकेच खरे. खुल्या बाजारपेठेने ग्राहकाला आवाज दिला आणि तो अवसर काढून घेतला. या देवघेवीचा हिशेब एकाच बाजूने मांडणे इतिहासाला शोभणार नाही.

या चारही प्रकरणांतून निघणारा निष्कर्ष असा. वारसाविषयीच्या वादात दोन पक्ष नेहमी ऐकू येतात, कंपनीचा आणि चाहत्यांचा. एकाकडे नावाची मालकी असते, दुसऱ्याकडे नावाची आठवण. तिसरा पक्ष, म्हणजे ज्यांच्या हातांनी ती वस्तू घडली तो, या वादात जवळजवळ अनुपस्थित असतो. आकुर्डीचे नाव २०२२ साली परत आले, याचा आनंद पुष्कळांना झाला. परंतु २००७ साली ज्यांच्या पाळ्या थांबल्या, त्यांच्या दृष्टीने वारसा म्हणजे काय, हे चाहत्यांच्या चर्चेत क्वचितच विचारले गेले. पत्रा दाबणारा, रंग मारणारा, जोडणीच्या रांगेवर शेवटचा खिळा आवळणारा कामगार कोणत्या खुणेवरून दोन वस्तूंना एका कुळातील मानतो? पुण्याच्या स्टुडिओतील तरुण चित्रकाराला आपले काम दुसऱ्या खंडात गेल्याची वार्ता कशी वाटली असेल?

या प्रश्नांची उत्तरे जाहिरातींत वा विक्रीच्या आकड्यांत मिळणार नाहीत. निगडी, आकुर्डी, चिंचवड या भागांत जुन्या कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या साक्षी नोंदविण्यास अजून थोडा अवधी आहे, फार नाही. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतले, तर नाव आणि वस्तू यांच्या या इतिहासात हरवलेला दुवा सापडेल. यंत्राची उत्तरकृती पुन्हा काढता येते. साक्षीदाराची येत नाही.