फेफऱ्याची वाट पाहताना : मेंदूतल्या इलेक्ट्रोडचा इतिहास

अपस्मार असलेल्या मुलाच्या घरी सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी चाललेली असते : पुढचे फेफरे येऊ नये. रुग्णालयाच्या एका खोलीत मात्र आईवडील, परिचारिका आणि डॉक्टर फेफरे येण्याचीच वाट पाहत असतात. मुलाच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवलेले असतात, बहुधा औषधे मुद्दाम कमी केलेली असतात, कॅमेरा रात्रंदिवस चालू असतो. ही उफराटी वाटणारी पद्धत कशी घडली याचा माग काढताना मला जाणवले, की तिच्या इतिहासात यंत्रे आणि डॉक्टर यांच्याबरोबर मुलांचाही वाटा आहे.

आधी या तपासणीची गरज कोणाला पडते ते पाहू. अपस्माराचे बहुसंख्य रुग्ण औषधांनी सावरतात. क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० साली ग्लासगोच्या ५२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६३ टक्के रुग्णांची फेफरी थांबली होती. पण पहिली दोन औषधे निष्फळ ठरल्यावर तिसऱ्याने गुण येण्याची शक्यता फारच थोडी, हेही त्यातून दिसले. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फेफरी थांबत नसतील, तर आज त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात. अशा मुलाच्या मेंदूत फेफऱ्याचा उगम एकाच ठिकाणी असेल आणि तो भाग काढता येण्याजोगा असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. प्रश्न उरतो तो नेमकी जागा ठरवण्याचा.

मेंदूतली वीज प्रथम सापडली ती उघड्या मेंदूवरच. लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये ससे आणि माकडे यांच्या मेंदूतील विद्युतप्रवाह नोंदवले. येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली. तो सतरा वर्षांचा मुलगा होता आणि शस्त्रक्रियेमुळे त्याच्या कवटीत खिडकी पडलेली होती. पुढे बर्गर यांनी आपला मुलगा क्लाउस याच्या अखंड डोक्यावरूनही नोंदी घेतल्या आणि १९२९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. ईईजीचा जन्म तो हाच. कवटी न उघडता मेंदू वाचता येऊ लागला, पण कवटीतून येताना ही वीज क्षीण होते, पसरते, आणि खोलवरची खळबळ वरपर्यंत पोहोचतेच असे नाही. म्हणून काही रुग्णांसाठी पुन्हा आत शिरावे लागले.

वाइल्डर पेनफिल्ड यांनी मॉन्ट्रियलमध्ये १९३४ साली न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली. पुढे हर्बर्ट जॅस्पर त्यांना येऊन मिळाले. रुग्ण जागा, फक्त डोक्याची त्वचा बधिर केलेली, आणि शल्यविशारद मेंदूच्या पृष्ठभागाला हलका विद्युतस्पर्श करत विचारतो : काय जाणवले? याच टेबलावर जॅस्पर मेंदूवरून थेट आलेख घेत. या पद्धतीने मेंदूचे नकाशे मिळाले. पण तिच्या मुळाशी एक अट होती : रुग्णाने तासन्‌तास निपचित पडून नीट उत्तरे द्यावीत. सहा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा कशी करणार?

पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ तालेराक आणि जाँ बाँको यांनी १९५७ पासून दुसरी वाट काढली. कवटी न उघडता, छोट्या छिद्रांतून, आधी मोजून ठरवलेल्या दिशेने इलेक्ट्रोड थेट खोलवर न्यायचे. फेफरे कुठे सुरू होते आणि कोणत्या वाटेने पसरते, हे त्यांना तिन्ही मितींत पाहायचे होते. सुरुवातीला हे काम काही तासांत उरकावे लागे. इलेक्ट्रोड दिवसेंदिवस आत ठेवण्याची प्रथा नंतर आली.

मुलांचा प्रश्न थेट हाती घेतला तो सेंट लुईसच्या सिडनी गोल्डरिंग यांनी. १९७८ च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मुलांचा उल्लेख आहे. मुलाला पूर्ण भूल देऊन मेंदूच्या जाड आवरणावर इलेक्ट्रोडची जाळी ठेवायची, जखम शिवायची, आणि मूल शुद्धीवर आल्यावर खाटेवरच आपसूक येणारे फेफरे नोंदवायचे. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत दोषी भाग काढायचा. मला या निबंधाचे महत्त्व तंत्राहून अधिक वाटते. मुलाने डॉक्टरांच्या वेळापत्रकात बसण्याऐवजी इथे डॉक्टर मुलाच्या आजाराच्या वेळेसाठी थांबले. याची किंमतही मुलानेच मोजली : एकाऐवजी दोन शस्त्रक्रिया, शिवाय जंतुसंसर्गाचा आणि रक्तस्रावाचा धोका. आज अनेक केंद्रे जाळीऐवजी पॅरिसच्या वाटेने जाणारे, मिलिमीटरहून बारीक इलेक्ट्रोड पसंत करतात. अगदी लहान बाळांत मात्र पातळ कवटीमुळे ते घट्ट बसवणे अवघड जाते.

मॉन्ट्रियलचा धागा भारतातही आला. पेनफिल्ड यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. तिथे १९५२ मध्ये, डॉ. बलदेव सिंग यांच्या साथीने, देशातली पहिली अपस्मार-शस्त्रक्रिया झाली. २०१७ मध्ये दिल्लीच्या एम्सने अठरा वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले फेफऱ्यांपासून मुक्त होती, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. त्याच अहवालात, शस्त्रक्रियेनंतर सुमारे एक तृतीयांश मुलांना गंभीर त्रास झाल्याचीही नोंद आहे. त्यांतला बराचसा, काढलेल्या भागामुळे येणार हे आधीच ठाऊक असलेला होता.

शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवावे लागत नाहीत. एमआरआय आणि बाहेरचा ईईजी एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर त्यांवर भागते. त्यांचे एकमत होत नाही, किंवा उगम हातापायांची हालचाल आणि भाषा सांभाळणाऱ्या भागालगत आहे अशी शंका असते, तेव्हाच हा मार्ग उरतो. आणि आठवडाभर आत राहूनही उत्तर कधी ‘शस्त्रक्रिया नको’ असेच येते. ते ऐकणे आईवडिलांना जड जाते. पण चुकीचा भाग काढला जाण्यापासून मूल वाचते, म्हणून अशी तपासणी मी वाया गेली असे मानत नाही.