लोणारचा खार आणि आपला साबण



मे महिन्यात नात पुण्याहून अमरावतीला आली होती. एका सकाळी मैत्रिणींबरोबर तलावाकाठच्या सहलीला निघाली. पिशवीत पोहण्याचे कपडे, आणि आरशासमोर उभी राहून हातापायांना सनस्क्रीन चोपडणे चालले होते. मी सहज विचारले, "पाण्यात उतरलीस की हे राहतं का अंगावर?"

"नाही गं आजी, धुऊन जातं. परत लावायचं."

"धुऊन जातं ते कुठं जातं?"

ती हसली आणि निघून गेली. पण मी मात्र तिथेच बसून राहिले, कारण हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी मला स्वतःला कुणीतरी विचारला होता. तेव्हा मीही अशीच हसले होते. ती हकीगत आहे लोणारची.

लोणार आपल्या वऱ्हाडातलेच, बुलढाणा जिल्ह्यातले. उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेले सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर आणि त्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर. विष्णूने लवणासुराला मारले, अशी तिथली कथा. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या जागेची नोंद केली म्हणून पुस्तकांत त्यांचे नाव येते. पण आपल्या देशाला ती त्याआधीच ठाऊक होती. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येते, आणि इथे साबण आणि काच करण्यासाठी लागणारा माल मिळतो, असेही त्यात म्हटले आहे.

हे वाचले तेव्हा मला गंमत वाटली. तेल आणि खार एकत्र आले की साबण होतो. लोणारच्या पाण्यात आहे तो मुख्यतः सोड्याचा खार. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर त्याचे पांढरे थर चढत आणि लोक ते गोळा करत. आपण उडदाच्या पापडात घालतो तो पापडखारही याच कुळातला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी साबणाचा माल या सरोवरातून बाहेर निघत होता. आमच्या पिढीने उलटा व्यवहार केला. साबण सरोवरात गेला.

मी १९८६ साली गेले होते. माझे माहेर अकोल्याचे. तिकडचा पूर्णाकाठचा भाग म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्यामुळे गोडे वाहते पाणी दिसले की आम्हा बायकांचा जीव हरखतो. मुलगा तीन वर्षांचा होता. अकोल्याहून मेहकर, तिथून लोणार असा बसचा प्रवास, अंगावर धुळीचे थर. विवराच्या काठावर गोमुखातून बारमाही धार पडते. तिथे स्नान करण्याचा प्रघात जुना. त्या दिवशीही बायका कपडे आपटत होत्या, पुरुष अंगाला साबण लावत होते. मीही वडी काढली, मुलाला चोळून न्हाऊ घातले, दोन लुगडी धुतली. फेस पाटातून खाली उतरत गेला.

शेजारी एक म्हातारी बसली होती. म्हणाली, "कायले एवढा साबन लावतं वं बाई? हे सारं खाली तळ्यातच जाते नं."

मी म्हटले, "आजी, एवढ्या मोठ्या तळ्याला माझ्या वडीनं काय होतंय?" आणि हसले.

आता खरे सांगते. त्याच काळात घरी मी दुहेरी फडक्याने गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब वापरत नव्हते. गाळल्यावर फडक्यावर उरलेली जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायची, वरून ओतायची नाही, एवढे सासूबाईंनी शिकवले होते. विहिरीतल्या न दिसणाऱ्या जिवांसाठी इतका जपणारा माझा हात लोणारला साबण चोळताना जराही थांबला नाही. घरचे पाणी तेवढे माझे आणि तळ्याचे पाणी कुणाचेच नाही, असा हिशेब मी मनात कधी मांडला, मलाच कळले नाही.

साबणाचे पाणी काय करते? पाण्याच्या पृष्ठभागावर जो ताण असतो, तो कमी करते. त्या ताणावरच पाणकिडे चालत असतात. फॉस्फेट असलेली धुण्याची पावडर शेवाळाचे खत होते. लोणारचे पाणी तर जगावेगळे, इतके अल्कधर्मी की नेहमीचे जीव त्यात टिकत नाहीत, पण सूक्ष्मजीवांची एक वेगळीच वस्ती तिथे नांदते. धारेवरचे साबण-धुणे, गावाचे सांडपाणी, शेतातून वाहून येणारी खते यांबद्दल अभ्यासकांनी आणि तिथल्या जागरूक लोकांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला. २००० मध्ये ते अभयारण्य झाले. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले.

मग आला जून २०२०. टाळेबंदी होती, काठावर माणूस नव्हते. एरवी हिरवट दिसणारे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. ऊन कडक, पाऊस नाही, पाणी आटून खारटपणा वाढलेला आणि माणसांची ढवळाढवळ कमी, असा मेळ जमला होता. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेले. पेपरातला तो गुलाबी फोटो मी बराच वेळ पाहत बसले. म्हातारीचे बोलणे आठवले.

आता नातीच्या सनस्क्रीनकडे येते. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. जिथे जमा आहे तिथे नावेही असतेच, हे डोक्यात पक्के बसलेले. स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी अगदी असाच जमाखर्च मांडला, हे वाचून बरे वाटले. १९९८ साली त्यांनी झुरिच सरोवर आणि हुटनरझे हे एक छोटे सरोवर निवडले. पोहणाऱ्यांच्या अंगावरून ऊन अडवणारी किती रसायने पाण्यात उतरत असतील, याचा अंदाज बांधला आणि मग पाणी तपासले. ती रसायने सापडली, पण अंदाजापेक्षा कमी. काही अंगावरून सुटतच नाहीत, काही उन्हाने पाण्यात विरघटतात. पुढे तिथल्या सरोवरांतल्या माशांच्या चरबीतही ती अल्प प्रमाणात आढळली. प्रवाळावरच्या परिणामांच्या काळजीने हवाई राज्याने ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी आणली. पलाऊ या छोट्याशा देशाने त्याच्या वर्षभर आधी असाच नियम केला.

मी काही सनस्क्रीन लावू नका म्हणत नाही. ऊन बाधते, आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर लावायलाच हवे. पण वऱ्हाडाच्या उन्हात आपण इतकी वर्षे कशाने निभावले? डोईवरचा पदर, पुरुषांचे दुपट्टे, गाडीवर जाणाऱ्या पोरींचा डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ. कापड पाण्यात धुऊन जात नाही. पोहायला लांब बाह्यांचे कपडे मिळतात, ते घातले की क्रीम लागते फक्त चेहऱ्याला आणि हातापायांना. डबीमागची अक्षरे वाचा. लावल्या लावल्या पाण्यात उडी घेऊ नका. आणि यात्रेला, सहलीला गेलात तर नदी, कुंड, धबधबा, कुठेही साबणाची वडी काढू नका. बादलीत पाणी घ्या, काठापासून दूर जमिनीवर अंघोळ करा.

नात संध्याकाळी परतली तेव्हा मी तिला लोणारची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या वडीसकट. ती म्हणाली, "आजी, तू पण?"

मी म्हटले, "हो, मी पण."

आलोचना पाठात पाण्याच्या बाबतीत झालेल्या चुकांची कबुली आपण देतोच. इतकी वर्षे ती म्हणताना मला घरचे गाळणे आठवायचे. आता धार आठवते, आणि पाटातून खाली उतरत गेलेला तो फेस.